खेड ते हुसैनीवाला: बाबांसोबत भगतसिंगांच्या वाटेवर

लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत देव्हाऱ्याला लागूनच भगतसिंगांचा फोटो होता. पिवळा फेटा, पीळ दिलेल्या मिशा, हातात पिस्तूल. बाबा आंघोळ झाली की आधी पांडुरंगाला हात जोडायचे आणि तसेच हात जोडलेले दोन पावलं सरकून त्या फोटोपुढे, २३ मार्चला हार ठरलेला. बाबा वारकरी, गळ्यात माळ, संध्याकाळचा हरिपाठ कधी चुकला नाही. आता वय ७२. गेल्या दिवाळीत मी त्यांना भगतसिंगांचा 'मी नास्तिक का आहे' हा लेख मराठीत वाचायला दिला, खरं सांगायचं तर मनात धाकधूक होतीच. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "अगं, हा पोरगा तर मला ओळखीचाच वाटेना. मग मी एवढी वर्षं हार कोणाला घातले?"

त्यावरून ठरलं की जाऊन यायचं. फेब्रुवारीत पंजाबची थंडी जरा कमी झालेली असते आणि २३ मार्चची गर्दी नसते म्हणून फेब्रुवारी. बाबांच्या पिशवीत तो लेख, झेरॉक्स काढून पिन मारलेला, आणि माझ्याकडे मोबाईलमध्ये साठवलेली भगतसिंगांची बाकीची पत्रं आणि लेख.

पहिला दिवस: खेड

पंजाबला जायचं तर सुरुवात राजगुरूंच्या घरापासून करायची हा बाबांचा हट्ट होता आणि बरंच झालं. डोंबिवलीहून पहाटे निघून पुणे, तिथून एसटीने नाशिक रस्त्याला लागलं की चाळीसेक किलोमीटरवर राजगुरुनगर. मूळचं नाव खेड, आणि एसटीतल्या बायका अजून खेडच म्हणत होत्या.

राजगुरू वाडा भीमा नदीच्या काठाला आहे. शिवराम हरी राजगुरूंचा जन्म इथे २४ ऑगस्ट १९०८ चा. पुढे पोरगा काशीला संस्कृत शिकायला गेला आणि तिथून क्रांतिकारकांच्या पक्षात. वाड्याच्या लाकडी खांबांवर हात ठेवून बाबा बराच वेळ उभे राहिले. मला तिथे एक गोष्ट पहिल्यांदा नीट जाणवली की ही तीन नावं आपण एका दमात घेतो, भगतसिंग राजगुरू सुखदेव, जणू एकच माणूस आहे. पण एक लायलपूरच्या शेतकरी घरातला शीख, एक खेडचा ब्राह्मण, एक लुधियानाचा खत्री, तिघांची भाषा वेगळी घर वेगळं, आणि फासावर गेले तेव्हा भगतसिंग आणि सुखदेव २३ वर्षांचे, राजगुरू २२ चे. माझा भाचा २३ चा आहे.

संध्याकाळी पुण्यातून झेलम एक्सप्रेस पकडली.

दुसरा दिवस: गाडीत

गाडीत काय लिहिणार असं वाटलं होतं पण सगळ्यात जास्त बोलणं याच दिवशी झालं.

बाबांचे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले होते. १९२८ चा तो मोठा संप घरात अजून सांगितला जातो, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने गिरण्या बंद, दीडेक लाख कामगार बाहेर, आमच्या पणजीने तेव्हा गावावरून आणलेल्या नाचणीवर घर चालवलं होतं. बाबांना हे सगळं तोंडपाठ. पण त्यांना हे माहीत नव्हतं की भगतसिंगांनी दिल्लीत असेंब्लीत, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, बॉम्ब टाकला त्याचा या संपाशी थेट संबंध आहे. मी पण हे शाळेत कधी शिकले नाही. आम्हाला शिकवलं होतं की बहिऱ्यांना ऐकू जावं म्हणून बॉम्ब टाकला, एवढंच. पण काय ऐकू जावं म्हणून ते कोणी सांगितलं नाही.

तर झालं असं की गिरणी कामगारांच्या त्या संपांनी सरकार हादरलं होतं आणि दोन बिलं आणली गेली. एक ट्रेड डिस्प्युट्स बिल, म्हणजे संपाचे पाय बांधायचं, आणि दुसरं पब्लिक सेफ्टी बिल, म्हणजे कम्युनिस्टांना हुसकून लावायचं. २० मार्च १९२९ ला देशभर धरपकड झाली, त्यात मुंबईचे डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर सगळे उचलले, तोच मीरत कट खटला. आणि त्यानंतर तीन आठवडे पण झाले नाहीत तर ८ एप्रिलला, असेंब्लीत हीच बिलं चालू असताना, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त प्रेक्षक गॅलरीत उभे राहिले. बॉम्ब मुद्दाम कमी ताकदीचे बनवलेले आणि रिकाम्या जागेत फेकलेले, कोणी मेलं नाही. मग पत्रकं टाकली, घोषणा दिल्या आणि पळायला वाव असताना तिथेच उभे राहिले. कारण कोर्टात उभं राहून बोलायचं होतं. जूनमध्ये कोर्टात त्यांनी निवेदन दिलं त्यात साफ सांगितलं की क्रांती म्हणजे बॉम्ब आणि पिस्तुलाचा पंथ नव्हे, अन्यायावर उभी असलेली ही व्यवस्था बदलणं म्हणजे क्रांती, धान्य पिकवणारा उपाशी राहतो आणि कापड विणणाऱ्याच्या पोरांना अंगभर कपडा नाही हे बदलणं.

कापड विणणारा म्हटल्यावर बाबांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मध्य प्रदेशातला कुठलातरी सपाट माळ जात होता. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे आमच्या म्हाताऱ्यासाठी पण होतं ते."

रात्री गाडी दिल्लीत थांबली. उतरायचं नव्हतं, पण बाबांना सांगितलं की इथेच फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या किल्ल्यात सप्टेंबर १९२८ ला वेगवेगळ्या प्रांतातली पोरं जमली होती आणि त्यांच्या पक्षाच्या नावात 'सोशॅलिस्ट' हा शब्द घालायचा आग्रह भगतसिंगांचा होता. वय तेव्हा एकवीस पण पुरं नव्हतं. इंग्रज गेल्यावर पुढे काय हा प्रश्न त्या वयात पडणं, मला यातच सगळं येतं असं वाटतं. गोरा साहेब जाऊन काळा साहेब आला तर शेतकऱ्याला काय फरक पडणार हे त्यांनी पुढे तुरुंगातून परत परत लिहिलंय.

तिसरा दिवस: लुधियाना आणि खटकड कलां

पहाटे लुधियानाला उतरलो तेव्हा धुकं होतं आणि बाबांचे गुडघे धरले होते. स्टेशनबाहेर मोठ्या ग्लासात चहा, आलू पराठा, त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा, मग जरा माणसात आलो.

चौडा बाजारच्या गल्ल्यांमधून आत गेलं की नौघरा मोहल्ला, सुखदेव थापर यांचं घर तिथे. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली की भिंतीला चिकटावं लागतं. घर छोटं आहे. सुखदेवांबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं, मला त्यांचं नाव घेतलं की भगतसिंगांनी त्यांना असेंब्लीच्या आधी लिहिलेलं पत्र आठवतं. दोघांचं काहीतरी बिनसलं होतं, सुखदेव प्रेमाबिमावरून बोचरं बोलले होते, तर भगतसिंगांनी लिहिलं की प्रेम माणसाला दुबळं करत नाही, वर नेतं, इटलीच्या मॅझिनी या क्रांतिकारकाचं उदाहरण दिलं, आणि हे पण कबूल केलं की मला आयुष्याची पूर्ण ओढ आहे पण वेळ आली की सगळं सोडू शकतो. काही दिवसांत अटक होणार हे माहीत असलेला मुलगा मित्राशी प्रेमावर वाद घालतोय. सुखदेव पकडले गेले तेव्हा ते पत्र त्यांच्याकडे सापडलं. जपून ठेवलं होतं.

दुपारी बसने फगवाडा आणि तिथून बंगा. दोन्ही बाजूला गहू, मधेमधे सरसोंची पिवळी शेतं. बंगा गावाला लागूनच खटकड कलां, भगतसिंगांच्या घराण्याचं मूळ गाव. इथे एक गोष्ट सांगायला हवी, त्यांचा जन्म इथला नाही, जन्म १९०७ चा, लायलपूर जिल्ह्यात चक १०५ मधला, तिथल्या गावाचं नाव पण बंगाच, आज ते पाकिस्तानात फैसलाबाद जिल्ह्यात आहे. कालव्याचं पाणी आलं तेव्हा या भागातली शेतकरी कुटुंबं तिकडे जमिनी कसायला गेली त्यातलंच हे एक. आणि त्या जमिनींच्याच कायद्यांविरुद्ध १९०७ मध्ये 'पगडी संभाल जट्टा' आंदोलन झालं, त्याचे पुढारी अजितसिंग म्हणजे भगतसिंगांचे सख्खे काका. त्यांना आणि लाला लजपतरायांना सरकारने मंडालेला पाठवलं. दुसरे काका स्वर्णसिंग तुरुंगातल्या हालांनी तरुणपणीच गेले. म्हणजे पोरगं अशा घरात वाढलं जिथे दोन काकू नवऱ्यांशिवाय दिवस काढत होत्या.

घर साधं, विटांचं, अंगण, आत खाटा, भांडी, कपाटं. फाळणीनंतर आई विद्यावती इथे राहायच्या. रस्त्यालगत मोठं म्युझियम आहे. तिथे अर्धवट जळलेल्या अस्थी आहेत, रक्ताने माखलेली वाळू आहे, त्या ज्यात गुंडाळल्या तो वर्तमानपत्राचा कागद आहे. बाबा तिथे थांबू शकले नाहीत, पुढे गेले. मी त्यांना मग दुसऱ्या एका कागदापुढे नेलं. कर्तारसिंग सराभांना फाशी दिली त्या पहिल्या लाहोर खटल्याच्या निकालपत्राचं पान, आणि त्यावर भगतसिंगांच्या हातच्या नोंदी. सराभा १९१५ ला फासावर गेले, १९ वर्षांचे, भगतसिंग त्यांना गुरू मानायचे. पण बघा, गुरूच्या कागदालासुद्धा त्यांनी नुसता नमस्कार केला नाही, पेन घेऊन वाचलाय. तिथेच त्यांची सही असलेली गीतेची प्रत पण आहे. बाबांचा चेहरा जरा उजळला. "बघ, गीता वाचायचा." मी म्हटलं हो बाबा, वाचायचे, आणि मार्क्स, लेनिन, रूसो, टॉमस पेन, ह्यूगो, टागोर, उमर खय्याम पण वाचायचे, तुरुंगातली वही भरलीय त्याने. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय की भगतसिंगांसाठी ४०४ पानं, तारीख १२ सप्टेंबर १९२९. दुसऱ्या दिवशी, १३ सप्टेंबरला, जतींद्रनाथ दास उपोषणाच्या ६३ व्या दिवशी गेले. ते उपोषणच कशासाठी होतं तर राजकीय कैद्यांना माणसासारखं वागवा, धड जेवण द्या आणि पुस्तकं, पेपर द्या. पुस्तकांसाठी सुद्धा पोरं उपाशी मरत होती. आणि त्याच दिवसांत हा माणूस कोऱ्या वहीची पानं मोजून घेतो.

संध्याकाळी अंगणात बसून आम्ही वडिलांना लिहिलेलं पत्र वाचलं. हा या प्रवासातला सगळ्यात अवघड भाग होता असं मी म्हणेन. खटल्याचा निकाल जवळ आला तेव्हा वडील किशनसिंगांनी परस्पर अर्ज केला, की साँडर्स या पोलीस अधिकाऱ्याचा खून झाला त्या दिवशी माझा मुलगा लाहोरात नव्हताच, हे सिद्ध करायची संधी द्या. कुठल्याही बापाने केलं असतं ते. मुलाला कळलं तेव्हा ४ ऑक्टोबर १९३० ला त्याने वडिलांना लिहिलं, आणि काय लिहिलं, की दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला गद्दारी म्हटलं असतं, तुमच्या बाबतीत मी दुबळेपणा म्हणतो, पण सगळ्यात वाईट प्रकारचा दुबळेपणा. माझा जीव एवढा मोलाचा नाही की तत्त्व विकून विकत घ्यावा. वर सांगितलं की हे पत्र छापा, लोकांना कळू दे.

"बापाला असं लिहितात?" बाबा म्हणाले. आवाज चढला होता. "त्या माणसाचं काय झालं असेल?"

मी काही बोलले नाही. बाजूच्या गुरुद्वारातून रहिरास, संध्याकाळची प्रार्थना, ऐकू येत होतं. पाचेक मिनिटांनी बाबांनीच विचारलं, "आणि बापाने छापलं का?" मी म्हटलं छापून आलं, म्हणून तर आपण वाचतोय. त्यावर बाबा हळूच म्हणाले, "मग बाप पण मोठाच."

चौथा दिवस: अमृतसर

जालियनवाला बागेत सकाळीच गेलो. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा, विहीर, सगळं माहीत असतं तरी पाय जड होतात. १६५० गोळ्या झाडल्या होत्या. अकरा-बारा वर्षांचा भगतसिंग शाळेतून परस्पर इथे आला आणि रक्ताची माती बाटलीत भरून घरी नेली असं सांगतात. फार वेळ थांबलो नाही, शाळेच्या सहली आल्या होत्या.

हरमंदिर साहिबमध्ये बाबा दोन तास बसले. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत हे त्यांनी शेजारी बसलेल्या सरदारजींना मोडक्या हिंदीत सांगितलं तर ते म्हणाले, हांजी, भगत नामदेवजी, आणि एक ओळ म्हणून दाखवली. बाबांच्या डोळ्यात पाणी. घुमानला, नामदेवांच्या पंजाबातल्या गावी, जायचं मनात होतं पण दिवस पुरले नाहीत.

लंगर जेवून सरोवराच्या काठाने चालताना मी त्यांना सांगितलं की याच अमृतसरमधून 'किरती' नावाचं मासिक निघायचं, किरती म्हणजे कष्टकरी, परदेशातल्या पंजाबींनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या गदर चळवळीतल्या माणसांनी काढलेलं, आणि १९२८ मध्ये भगतसिंग त्यात लिहायचे. पोलिसांच्या फायलीत पिस्तूलवाला, आणि इथे टेबलावर बसून लेख लिहिणारा, प्रुफं बघणारा. त्यातला अस्पृश्यतेवरचा लेख 'विद्रोही' या टोपणनावाने आला. मी तिथेच बाबांना त्यातलं थोडं वाचून दाखवलं. कुत्रा आपल्या मांडीवर बसतो, स्वयंपाकघरात फिरतो, पण माणसाने शिवलं की धर्म बाटतो. मदनमोहन मालवीयांसारख्या मोठ्या माणसाचं नाव घेऊन लिहिलंय की हे सफाई कामगाराच्या हातून हार घालून घेतात आणि मग कपड्यांसकट आंघोळ करतात. आणि पुढे अस्पृश्यांनाच सांगितलंय की दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघू नका, स्वतः संघटित व्हा, खरे श्रमिक तुम्हीच आहात. १९२७ ला महाडचं तळं, १९२८ ला हा लेख. भगतसिंगांच्या फाशीनंतर बाबासाहेबांनी 'जनता'त १३ एप्रिल १९३१ ला 'तीन बळी' म्हणून अग्रलेख लिहिला, हे पण आपल्याकडे किती जणांना माहीत असतं? ही दोन माणसं कधी भेटली नाहीत पण एकाच गोष्टीवर तळमळत होती हे मला तिथे, सगळ्या जातीची माणसं एका पंगतीत जेवून उठल्यावर, फार लागलं.

१९२८ मध्येच भगतसिंगांनी दंग्यांवर पण लिहिलं. दंगे भडकवण्यात पुढाऱ्यांचा आणि वर्तमानपत्रांचा हात आहे, लोकांना शिकवायचं ज्यांचं काम त्यांनीच विष पसरवलं, आणि पोटाचा प्रश्न सुटला नाही तर हे थांबणार नाही. ज्यांच्या 'प्रताप' या वर्तमानपत्रात भगतसिंगांनी कानपूरला काम केलं ते गणेश शंकर विद्यार्थी, फाशीनंतर दोनच दिवसांनी, २५ मार्च १९३१ ला कानपूरच्या दंग्यात लोकांना वाचवता वाचवता मारले गेले. मी हे सांगितलं तेव्हा बाबा चालायचे थांबले.

रात्री लॉजवर त्यांनी झेरॉक्स काढली आणि म्हणाले वाच, पहिल्यापासून वाच, आता ऐकतो.

मग वाचलं. वडिलांना ते पत्र लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ आणि ६ ऑक्टोबरला हा लेख लिहिलाय, आणि ७ तारखेला फाशीचा निकाल लागला. तुरुंगात बाबा रणधीरसिंग म्हणून गदर चळवळीतले जुने, अत्यंत धार्मिक क्रांतिकारक होते, त्यांनी भगतसिंगांना समजावून बघितलं, जमलं नाही, तेव्हा चिडून म्हणाले की प्रसिद्धीने तुझं डोकं फिरलंय, तुझ्या आणि देवाच्या मध्ये अहंकाराचा काळा पडदा आहे. त्याला उत्तर म्हणून हा लेख. रागाचा नाहीये. आधी स्वतःलाच तपासतो, की खरंच हा माझा गर्व आहे का? लहानपणी आपण तासनतास गायत्री मंत्र म्हणायचो हे सांगतो. देवावर श्रद्धा असली की संकट हलकं होतं, आधार मिळतो, हे तो मान्य करतो, बाबा इथे मान डोलवत होते. आणि मग लिहितो की मला माहीत आहे, दोर गळ्यात पडेल आणि पायाखालची फळी निघेल तो शेवटचा क्षण, त्यापुढे काही नाही. तरीही. शेवटच्या दिवसांत तू देव मानशील असं एक मित्र म्हणाला तर तो म्हणतो नाही, भीतीने केलेली प्रार्थना माझ्यासाठी कमीपणाची ठरेल.

मधे तो देव मानणाऱ्यांना विचारतो की सर्वशक्तिमान असेल तर एवढं दुःख असलेलं जग केलंच का, गरीब आणि अस्पृश्य घरात जन्मणं ही गेल्या जन्माची शिक्षा म्हणता, मग वेद ऐकले म्हणून कानात शिसं ओतलं त्याचं पाप कोणाचं? बाबा ताडकन म्हणाले, "हे आमच्या संतांनी पण विचारलंय. चोखोबांनी विचारलंय. पण त्यांनी देव नाही सोडला, देवाशी भांडले." अकरा वाजेपर्यंत बाबा बोलत होते. मी माझ्या वडिलांना इतकं मनापासून कोणाशी भांडताना पाहिलं नव्हतं, आणि समोर माणूस नव्हता, सहा-सात पिन मारलेले कागद होते.

या लेखातच एक वाक्य आहे ज्यासाठी मला बाबांना इथे आणायचं होतं. टीका आणि स्वतंत्र विचार हे क्रांतिकारकाचे दोन आवश्यक गुण आहेत असं ते म्हणतात, आणि कोणी मोठा झाला म्हणून त्याच्यावर बोलायचंच नाही ही मनाची गुलामगिरी आहे असं. हे ते जगले पण. लाला लजपतरायांच्या नंतरच्या राजकारणावर त्यांनी टीका केली आणि त्याच लालाजींवर लाठ्या पडल्या तेव्हा पेटून उठले. किरतीत सुभाषबाबू आणि नेहरूंची तुलना केली, पंजाबच्या तरुणांना वैचारिक खाद्य नेहरूंकडून मिळेल म्हणून सांगितलं आणि लगेच पुढे, पण आंधळे अनुयायी होऊ नका. असा माणूस हार घालून भिंतीवर टांगला की त्याचं तोंड बंद होतं असं मला वाटतं, म्हणून मी बोलले, बाबांना थोडं लागलं असेल.

पाचवा दिवस: फिरोजपूर, हुसैनीवाला

सकाळच्या बसने हरीकेवरून फिरोजपूर. हरीकेला बियास सतलजला मिळते, प्रचंड पाणी, पक्षी. बाबांनी खिडकीतूनच हात जोडले.

फिरोजपूर शहरात तुडी बाजारात एक जुनी इमारत आहे, १९२८-२९ मध्ये क्रांतिकारकांचा गुप्त अड्डा होता. गयाप्रसाद नावाचे साथी दुसऱ्या नावाने खाली दवाखाना चालवायचे म्हणजे औषधांच्या नावाखाली बॉम्बची रसायनं आणता येतील. इथेच भगतसिंगांनी केस आणि दाढी उतरवली. पंजाब सरकारने संरक्षित स्मारक जाहीर केलंय पण बाजूला दुकानं, वायरी, माल उतरवणारे टेम्पो, आम्ही बाहेरूनच बघितलं. एवढी महत्त्वाची जागा अशी असावी याचं वाईट वाटलं, इथे निदान एक वाचनालय तरी हवं होतं. केस कापल्यावरचा तो हॅटमधला फोटो, एप्रिल १९२९ च्या सुमारास दिल्लीत काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत काढलेला. भगतसिंगांचे खरे फोटो चारच आहेत. एक लहानपणीचा, एक नॅशनल कॉलेजच्या ग्रुपमधला पांढऱ्या पगडीतला, एक १९२७ च्या अटकेत खाटेवर बसलेला, केस मोकळे, हात बेडीत, आणि हा हॅटचा. पिवळा फेटा आणि पिस्तूल चित्रकारांनी नंतर घातलं. बाबांना मोबाईलवर चारही दाखवले. खाटेवरचा फोटो त्यांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

दुपारी रिक्षाने हुसैनीवाला, दहा-अकरा किलोमीटर, पाकिस्तानच्या सीमेला लागून. २३ मार्च १९३१ ला संध्याकाळी लाहोर सेंट्रल जेलमध्ये फाशी झाली, ठरलेली २४ ची होती, लोक उसळतील म्हणून आदल्या संध्याकाळीच उरकली. शेवटच्या दिवशी ते लेनिनचं चरित्र वाचत होते, बोलावणं आलं तेव्हा पान संपवून उठले असं सांगतात. प्रेतं गुपचूप मागच्या बाजूने काढून इथे सतलजच्या काठी आणली आणि रात्रीत घाईघाईने जाळली. लोक पहाटे पोचले आणि नदीतून, वाळूतून मिळेल ते गोळा केलं. खटकड कलांला काचेत बघितलं ते हेच.

फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली. १९६१ मध्ये भारताने सुलेमानकी हेडवर्क्सजवळची १२ गावं देऊन ही परत घेतली. बारा गावं. मग १९६८ ला स्मारक झालं. १९७१ च्या लढाईत पुतळे गेले, परत बांधलं. जुनी लाहोरची रेल्वे इथून जायची, आता रूळ इथेच संपतात.

तिघांच्या समाधीशेजारी बटुकेश्वर दत्तांची समाधी आहे. बॉम्ब दोघांनी टाकला, दत्त जन्मठेपेवर अंदमानला गेले, सुटले, स्वातंत्र्यानंतर फार ओढगस्तीत जगले आणि १९६५ ला दिल्लीत हॉस्पिटलमध्ये गेले. मला मित्रांजवळ जाळा एवढीच इच्छा होती. आणि आई विद्यावती, १९७५ ला त्या गेल्या, त्यांचंही दहन इथेच. बाबा सगळ्यात जास्त वेळ आईच्या समाधीपाशी होते.

गवतावर एक पंजाबी कुटुंब डबा उघडून बसलं होतं. त्यांनी आम्हाला बोलावलं, मक्याची रोटी आणि साग दिलं, कुठून आलात विचारलं, महाराष्ट्र म्हटल्यावर त्यातली आजी पटकन म्हणाली, राजगुरू वाले! मग बाबांनी त्यांना खेडचा वाडा सांगितला, नदी सांगितली, हाताने दरवाजा केवढा ते दाखवलं. आजींनी बाबांच्या डोक्यावरून हात फिरवला, वयाने फार तर पाचेक वर्षांनी मोठ्या असतील.

निघताना लोक वाकून नमस्कार करत होते. बाबा हात मागे बांधून उभे राहिले, जसे ते शाळेत मास्तरांसमोर उभे राहायचे असं आत्या सांगते. मग माळ चाचपली आणि निघाले.

सहावा दिवस: पंजाब मेल

फिरोजपूरहून रात्री सुटणारी पंजाब मेल थेट मुंबईला येते, १९१२ पासून ही गाडी चालू आहे. आम्हाला खालचे दोन्ही बर्थ मिळाले. सकाळी जाग आली तर बाबा उठून बसलेले, चष्मा लावून, मांडीवर झेरॉक्स. माझ्या पर्समधली पेन्सिल त्यांनी घेतली होती. समासात बारीक अक्षरात लिहीत होते. एका ठिकाणी 'पटलं', त्याखाली दोन रेघा. एका ठिकाणी चोखोबांचा अभंग. शेवटच्या पानावर, जिथे तो प्रार्थना करणार नाही म्हणतो, तिथे 'पटलं नाही' लिहून पुढे जागा सोडली होती.

"पुढे काय लिहिणार?" मी विचारलं.

"थांब गं जरा," म्हणाले, "कल्याण यायला अजून वेळ आहे."